सुभेदारांच्या वाटेने : सातारा, बेळगाव, माणगाव

आमच्या गावाचे आबा, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधून निवृत्त झालेले सुभेदार, गेल्या पावसाळ्यात गेले. निवृत्तीनंतर दर फेब्रुवारीच्या आरंभी ते आपल्या बुलेटवरून बेळगावला जात आणि परतताना मुद्दाम लांबची कोकणची वाट धरत. ४ फेब्रुवारी हा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा रेजिमेंटल दिवस असतो, कारण १६७० साली याच दिवशी तानाजी मालुसऱ्यांच्या मावळ्यांनी कोंढाणा सर केला होता. यंदा आबा नव्हते. परंतु त्यांनी ठरवलेली वाट, त्यांची थांबण्याची ठिकाणे आणि त्यांच्याकडे अर्धवट राहिलेली काही कामे होती, म्हणून आम्ही चौघे निघालो. आबांची नात, गावातले गॅरेजवाले मिस्त्री, पोस्टातून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही आणि मी.

पहिला दिवस, २ फेब्रुवारी : गाव ते कोल्हापूर

आबांची बुलेट नातीने चालवायची, हे घरातच ठरले होते. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो, पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली पडतात. आजच्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसाला ही उलटी मांडणी धोक्याची ठरू शकते, कारण अचानक ब्रेक दाबण्याची वेळ आली की पाय सवयीने चुकीच्या बाजूला जातो. म्हणून दिवाळीपासून ती शाळेच्या मैदानावर सराव करत होती. निघताना तिने किक हळूच दाबून अँमीटरचा काटा मध्यावर आणला, डीकॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा खटका, ओढून पिस्टन किंचित पुढे जाऊ दिला आणि मग पूर्ण किक मारली. हा क्रम आबांनी गावातल्या कित्येक मुलांना शिकवला होता. गाडीशी झटापट करणारा माणूस त्यांना पाहवत नसे. ‘ताकद लावू नको, वेळ साध,’ असे ते म्हणत.

आबांना मोटरसायकलचा नाद लागला तो पलटणीतच. बटालियनच्या मोटर ट्रान्सपोर्टमध्ये काही काळ त्यांनी डिस्पॅच रायडरचे, म्हणजे एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याला कागद पोचवण्याचे काम केले होते. भारतीय सैन्याने १९५०च्या दशकाच्या आरंभी ३५० सीसी बुलेट गस्तीसाठी निवडली, त्या मागणीमुळेच १९५५ साली मद्रासमध्ये तिच्या जुळणीची व्यवस्था उभी राहिली, आणि पुढे कित्येक दशके फौजी आणि बुलेट ही जोडी आपल्याकडे रूढ झाली. आबांनी निवृत्तीच्या पैशातून पहिली खरेदी केली ती याच गाडीची, तीही जुन्या, वापरलेल्या. घराचे छप्पर त्यानंतर झाले, हे त्यांच्या पत्नी आजही तक्रारीच्या नव्हे, कौतुकाच्या सुरात सांगतात.

पहिला मुक्काम घेण्याआधीचा पहिला थांबा ठरलेला होता : आपशिंगे. सातारा जिल्ह्यातल्या या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो आणि तो कागदोपत्रीही लागतो. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ गावात स्मारक उभारले गेले. त्यानंतरच्या प्रत्येक युद्धात या गावची माणसे होती. आबा इथे दरवर्षी उतरत, स्मारकापाशी बूट काढून उभे राहत आणि नंतर दोन-तीन घरांत जात. मी पूर्वी समजत असे की ही जुन्या ओळखीपाळखीची भेट असावी. यंदा त्याच घरांत आम्ही गेलो तेव्हा एका आजींनी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पेन्शनचे कागद काढून थेट नातीच्या हातात दिले आणि विचारले, “आता हे कुणी बघायचं, बाई?” आबांच्या भेटींचा खरा विषय तो होता.

तिथून महामार्गाला लागलो. कराड, पेठ नाका, किणी असा सरळ रस्ता. त्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही. नातीने ताशी पन्नास-साठचा वेग सोडला नाही आणि आम्ही नव्या गाड्यांवरचे तिघेही तिच्या मागे राहिलो, कारण काफिल्यात सर्वांत जुन्या गाडीने वेग ठरवायचा हा आबांचा नियम होता. दुसरा नियम हेल्मेटचा. हेल्मेट न घातलेल्या माणसाच्या घरी ते चहा घेत नसत, मग तो आमदार असो की जावई. गावातल्या तरुणांमध्ये हेल्मेटची सवय कायद्यापेक्षा या एका वागण्याने अधिक पसरली, असे माझे प्रामाणिक मत आहे.

दुसरा दिवस, ३ फेब्रुवारी : सैनिक टाकळीमार्गे बेळगाव

कोल्हापूरहून सरळ निपाणी न गाठता आम्ही शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीकडे वळलो. कृष्णाकाठचे हे गाव पिढ्यानपिढ्या फौजेत माणसे पाठवत आले आहे आणि तेच त्याच्या नावात आले आहे. आबांच्या बटालियनमधले एक हवालदार या भागात राहतात. पायाने अधू झाल्यामुळे त्यांना आबांच्या अंत्यविधीला येता आले नव्हते. अंगणात गाडीचा आवाज येताच ते काठी टेकत बाहेर आले आणि बुलेटवरून हेल्मेट काढणारी मुलगी पाहून क्षणभर काही बोललेच नाहीत. मग त्यांनी तिला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला.

पहिली बटालियन, म्हणजे ‘जंगी पलटण’, १७६८ साली उभी राहिली. १९७१च्या युद्धात ती पूर्व आघाडीवर होती. मेघालयाच्या बाजूने उतरून, ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटणीने जमालपूरच्या दक्षिणेचा रस्ता अडवला आणि तिथल्या पाकिस्तानी ठाण्याची माघारीची वाट बंद झाली. आपल्या ब्रिगेडच्या कमांडरांनी शरण येण्याविषयीचे पत्र एका बंगाली माणसाच्या हाती पाठवले. समोरच्या कमांडरने उत्तर पाठवताना कागदात एक गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री शत्रूने वेढा फोडून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला आणि तो थेट मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळला. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले, आणि त्यानंतर पाच दिवसांनी ढाका. हा इतिहास पुस्तकांत आहे. आबांच्या तोंडून मात्र आम्ही तो कधीच सविस्तर ऐकला नव्हता. १६ डिसेंबरला शाळेत बोलावले तर ते मुलांना ढाक्याच्या शरणागतीची तारीख सांगत, शहीद झालेल्यांसाठी मौन पाळायला लावत आणि खाली बसत.

हवालदारांनी त्या रात्रीविषयी आम्हाला थोडेच सांगितले. अधिक सांगितले ते त्यानंतरच्या सकाळविषयी. उजाडल्यावर समोरच्या शेतात पडलेल्या मृतांची ओळख पटवून नोंद करण्याचे काम काही जवानांना दिले गेले, त्यांत विशीतले आबा होते. शत्रूच्या सैनिकांच्या खिशातली पे-बुके, पत्रे, फोटो गोळा करायचे आणि नाव-क्रमांक वहीत लिहायचे. “आम्हाला लवकर उरकायची घाई,” हवालदार म्हणाले, “ह्यो गडी एकेक नाव दोनदा वाचायचा. मी म्हणालो, अरे ती काय आपली माणसं हायत व्हय? तर म्हणाला, नाव चुकलं तर त्याच्या घरी कागद जायचा न्हाई. बाई आयुष्यभर वाट बघंल.”

हे सांगून त्यांनी विषय बदलला आणि आम्हाला जेवायला बसवले. मी मात्र दिवसभर त्या वाक्यापाशीच राहिलो. आबांना मी तीस वर्षे शेजारी म्हणून ओळखत होतो आणि त्यांच्या कागदी कामाच्या चिकाटीला मी फौजी शिस्त समजत आलो होतो.

ते काम काय होते हे इथे सविस्तर सांगायला हवे, कारण गावाबाहेर ते कुणाला ठाऊक नाही. जवानाचे लग्न झाले, मूल झाले, की त्याची नोंद पलटणीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये व्हावी लागते आणि तिथून ती रेकॉर्ड ऑफिसात जाते. जुन्या काळात कित्येकांनी ही नोंद केली नाही, किंवा केली ती माहेरच्या नावाने, टोपणनावाने, चुकीच्या जन्मतारखेने. जवान हयात असेपर्यंत त्याचे पेन्शन सुरळीत चालते. तो गेला की विधवेच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पेन्शनच्या आदेशावरचे नाव, आधार कार्डावरचे नाव आणि बँकेतले नाव जुळावे लागते, आणि आदेशावर ‘सोनाबाई’ व आधारवर ‘सुवर्णा’ असे असले की सत्तरीतल्या बाईला आपण आपणच आहोत हे सिद्ध करत हिंडावे लागते. आबा अशा घरी बुलेटवरून जात. डिस्चार्ज बुक पाहत, प्रतिज्ञापत्राचा मसुदा स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहून देत, ग्रामपंचायतीचा दाखला मिळवून देत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सोबत जात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावलाच असल्यामुळे फेब्रुवारीच्या त्यांच्या फेरीत खांद्याला खाकी पिशवी असे, आणि रेजिमेंटल दिवसाचा सोहळा आटोपला की दुसऱ्या दिवशी ते तिथे हजर होत.

नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याचेही तसेच. २०१४ साली डिजिटल ‘जीवन प्रमाण’ सुरू झाले तेव्हा आबांनी बोटाचा ठसा घेणारे छोटे यंत्र विकत घेतले, नातीकडून ते शिकून घेतले आणि वाड्यावस्त्यांवर जाऊन म्हाताऱ्या पेन्शनरांचे दाखले त्यांच्या ओसरीवरच काढून देऊ लागले. जन्मभर शेतात राबलेल्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात आणि यंत्र त्या ओळखत नाही. अशा वेळी ते कोमट पाण्यात हात धुवायला लावत, कोरडे करून थोडे तेल चोळत, एकेक बोट धीराने लावून पाहत. त्यांना मोटरसायकल आवडे यात शंका नाही. पण ज्या वाडीला एसटी दिवसातून एकदा जाते तिथे पोचायला दुसरे साधन काय होते?

संध्याकाळी निपाणीमार्गे बेळगावात शिरलो.

तिसरा दिवस, ४ फेब्रुवारी : बेळगाव

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर शंभराहून अधिक वर्षे बेळगावात आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या हजारो घरांसाठी ‘बेळगाव’ या नावाचा पहिला अर्थ हाच असतो, की पोरगा गेला तो इथे आणि जवान होऊन परतला तोही इथूनच. आबा अठरा-एकोणिसाव्या वर्षी इथे आले होते. त्याआधी त्यांनी सातारा शहराच्या पलीकडचे काही पाहिले नव्हते.

सेंटर लष्करी हद्दीत असल्यामुळे सर्वांना आत जाता येत नाही. माजी सैनिकाच्या कुटुंबातली म्हणून नातीला, पलटणीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या सोबतीने जाता आले. आम्ही तिघे कॅम्पातल्या मिलिटरी महादेवाच्या देवळात थांबलो. ते मला योग्यच वाटले. परत आल्यावर तिने शरकत स्मारकाविषयी सांगितले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८च्या ऑक्टोबरात, मेसोपोटेमियातल्या शरकतच्या लढाईत ११४व्या मराठा पलटणीने जे शौर्य गाजवले त्याचे नाव या स्मारकाला दिले आहे. तिथे उभी असताना शेजारच्या एका अनोळखी वृद्ध जवानाने तिला कुणाची कोण म्हणून विचारले. तिने आजोबांचे नाव आणि पलटण सांगताच त्यांनी मागे वळून दुसऱ्याला हाक मारली, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि पाच मिनिटांत तिच्याभोवती दहा-बारा माणसे जमली. त्यांतल्या निम्म्यांनी बुलेटविषयी विचारले. बाकीच्यांनी आपापल्या गावातल्या कुणाच्या तरी अडकलेल्या कागदाविषयी.

समारंभ संपताना झालेला ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ हा युद्धघोष आम्हाला देवळापर्यंत ऐकू आला की नाही, यावर मिस्त्री आणि आमचे पोस्टातले स्नेही यांच्यात मतभेद झाले. मला तो ऐकू आला.

दुपारनंतर मिस्त्रींनी गाडी उघडली. दोन दिवसांच्या धावेनंतर चेन ताणली गेली होती आणि टॅपेटचा आवाज वाढला होता. आबा हे काम स्वतः करत. प्रवासात कुठल्या गावी काय तपासायचे याची त्यांची एक वही आहे. ‘बेळगाव : टॅपेट, चेन, पॉइंट साफ, प्लग’ अशी त्यातली नोंद. त्याच वहीत पुढच्या पानावर सात बायकांची नावे, प्रत्येकीपुढे पतीचा सैनिकी क्रमांक, पलटण आणि काय अडले आहे त्याची एक ओळ. चार नावांवर रेघ मारलेली होती.

चौथा दिवस, ५ फेब्रुवारी : बेळगाव ते सावंतवाडी

सकाळी नात उरलेल्या तीन प्रकरणांचे कागद घेऊन रेकॉर्ड ऑफिसात गेली. आबांनी तिला दोन वर्षांपूर्वीच हे अर्ज कसे लिहायचे ते शिकवले होते. ती पदवीधर आहे, बँकेच्या परीक्षा देते आहे आणि तिचे अक्षर आजोबांसारखेच टपोरे आहे. दोन अर्ज दाखल होऊन पोच मिळाली. तिसऱ्यासाठी विवाहाचा आणखी एक पुरावा हवा होता. समोरच्या लिपिकांनी शांतपणे, एकेक कलम वाचून दाखवत समजावून सांगितले, आणि निघताना, “सुभेदारसाहेब यंदा आले नाहीत?” असे विचारले. तिने सांगितल्यावर ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

त्यामुळे निघायला दुपार झाली. आंबोलीपर्यंतचा रस्ता झाडीचा आणि निवांत आहे. पावसाळ्यात जिथे धबधब्यांखाली माणसांची गर्दी असते तिथे फेब्रुवारीत कोरडे काळे कातळ दिसतात; मला हा घाट या ऋतूत अधिक आवडला, कारण दरीचा पूर्ण तळ दिसतो. जुन्या बुलेटचे ब्रेक ड्रमचे असतात आणि लांब उतारावर ते सतत दाबले की तापून निकामी होऊ लागतात, म्हणून नातीने माथ्यावरच दुसरा गिअर टाकला आणि इंजिनाच्या जोरावर गाडी आवरत ती खालपर्यंत उतरली. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे आबांचे सांगणे तिला पाठ होते. सावंतवाडीत पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि हवेत आंब्याच्या मोहराचा वास होता.

पाचवा दिवस, ६ फेब्रुवारी : सावंतवाडी ते चिपळूण

दिवसभर गाडी चालवली. कणकवली, राजापूर, लांजा, हातखंबा, संगमेश्वर. ऊन कडक होते. राजापूरजवळ क्लचची केबल तुटली. मिस्त्रींनी आबांच्या सवयीप्रमाणे टाकीखाली आधीच बांधून ठेवलेली दुसरी केबल जोडली आणि आम्ही अर्ध्या तासात मार्गी लागलो.

सहावा दिवस, ७ फेब्रुवारी : माणगाव, आंबेनळी आणि घर

चिपळूणहून पहाटे निघून कशेडीमार्गे महाडला आलो. महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्यांसह इतर वाहने नदीत गेली. पुढच्या वर्षी तिथे नवा पूल झाला. आबा तिथे गाडी बाजूला घेऊन हात जोडत, आम्हीही जोडले.

माणगावच्या तहसील कार्यालयाच्या आवारात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. ते याच तालुक्यातले, पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधल्या त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्बने ती निकामी केली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. वय २२ वर्षे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला. त्यांच्या देहाचे दफनस्थान ठाऊक नाही, त्यांचे नाव इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. आणि २०२३ साली इटलीतल्याच मोंतोने या गावात त्यांच्या नावाचे स्मारक झाले.

आबा इतक्या लांबचा वळसा या पुतळ्यासाठी घेत. त्यांनी एकदा मला कारण सांगितले होते, की व्हिक्टोरिया क्रॉस लक्ष्मीबाईंच्या, म्हणजे घाडग्यांच्या तरुण विधवेच्या हाती दिला गेला, आणि त्यानंतर त्या बाईंचे दिवस कसे गेले असतील हा विचार आपल्या मनातून जात नाही. नातीने पुतळ्याला हार घातला. कार्यालयात कामासाठी आलेली चार-सहा माणसे जवळ आली. एका शाळकरी मुलाने बुलेटचा गिअर उजवीकडे का, असे विचारले आणि तिने त्याला सविस्तर सांगितले.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायला लागलो तेव्हा सूर्य कलला होता. जुन्या इंजिनाला हा चढ सोपा नाही. दोनदा थांबून ते गार होऊ दिले. महाबळेश्वरला थांबलो नाही. केळघर घाट उतरून मेढ्याला आलो, आणि तिथून मुख्य रस्ता सोडून जावळीतल्या एका वाडीकडे वळलो, कारण तिसरे प्रकरण त्या वाडीतले होते. काकूंना विवाहाच्या पुराव्याचे सांगितले. लग्नपत्रिका नव्हती, फोटो नव्हता. पुष्कळ वेळ बोलल्यावर त्यांना आठवले की लग्नानंतर धन्याने पलटणीतून रजेवर येताना जोडीने रेल्वेचा प्रवास केला होता आणि त्याचे वॉरंट, म्हणजे लष्कराकडून मिळणारे प्रवासाचे पत्र, डिस्चार्ज बुकाच्या मागच्या कप्प्यात कुठेतरी असेल. ते तिथेच निघाले : घडी पडून फाटत आलेले, पण ‘पत्नीसह’ हा शब्द आणि पलटणीचा शिक्का वाचता येईल असे.

नातीने त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, मूळ कागद काकूंच्याच हाती ठेवला आणि आबांच्या वहीत त्या नावापुढे लिहिले : ‘रेल्वे वॉरंट मिळाले. प्रतिज्ञापत्र सोमवारी, मेढा. सरपंचांचा दाखला सोबत. बेळगावला स्पीड पोस्टाने.’ आमचे पोस्टातले स्नेही म्हणाले की पोस्टाचे ते पाहतील.